बाळ्या, साहेबांच्या त्या रिपोर्टबद्दल

प्रिय बाळ्या,

काल फोनवर तू जे काय बोललास ते मी गप ऐकून घेतलं, कारण बाजूला सोसायटीचे सेक्रेटरी उभे होते आणि त्यांच्यादेखत मला आपल्या फायर ब्रिगेडच्या साहेबांबद्दल एक अक्षर काढायचं नव्हतं. "ज्या माणसाने तुला आगीतून ओढून काढला त्याच्याच पोटावर पाय दिलास" म्हणालास, मी त्यांचा तपासणीचा रिपोर्ट अडवला म्हणून. व्हॉट्सअ‍ॅपवर तुकड्यातुकड्यात लिहून डोकं फिरवण्यापेक्षा एकदाच सगळं लिहितो. लांबेल, चहा घेऊन बस.

उपकार मी विसरलोय असं तुला वाटत असेल तर ते आधी डोक्यातून काढ. टीटीसी एमआयडीसीतल्या त्या सॉल्व्हंटच्या कंपनीच्या आगीची वर्दी आठवते ना, तू बाहेर पंपावर होतास, आत काय झालं ते तुला ऐकूनच माहिती. धूर इतका की हातातली ब्रँच, म्हणजे होजच्या तोंडाची नळी, मला दिसत नव्हती, पाठीवरच्या हवेच्या सिलिंडरची, बीए सेटची, शिट्टी वाजायला लागलेली म्हणजे हवा संपत आलेली, आणि मी कुठल्या बाजूने आत आलो तेच विसरून गेलो. त्यात साहेब कुठून आले देव जाणे. खांद्याचा पट्टा धरून मला खाली बसवलं, माझा पंजा जमिनीवरच्या होजवर दाबला आणि कानाशी ओरडले, "हात सोडायचा नाही, होज धरून सरक." मी पुढे, ते मागून ढकलत. आम्ही गेटपाशी पोचलो आणि आतले ड्रम फुटायला लागले, शेडचे पत्रे उडालेले तू पण बघितलेस. माझी पोरगी तेव्हा नुकती चालायला लागली होती. तिचा वाढदिवस असला की पहिला फोन मी साहेबांना करतो, तिच्या आजोबांना नंतर.

आता इकडचं ऐक. तू गावी गेल्यावर हे बी फॉर्मचं प्रकरण खूप वाढलंय. २००६ चा फायरचा कायदा आहे ना, त्यात प्रत्येक टॉवरने जानेवारीत आणि जुलैमध्ये, वर्षातून दोनदा, लायसन्सवाल्या एजन्सीकडून लिहून घ्यायचं की यंत्रणा चालू आहे, म्हणजे पंप, रायझर (वरच्या मजल्यांना पाणी नेणारा उभा पाइप), स्प्रिंकलर, होज रील, अलार्म सगळं, आणि तो फॉर्म फायर ब्रिगेडला जमा करायचा. साहेबांनी रिटायर झाल्यावर एजन्सी काढली ते तुला माहितीच आहे. मी घणसोलीच्या ह्या कॉम्प्लेक्सला फायर ऑफिसर लागलो तेव्हा कमिटीने जुनी एजन्सी बदलून साहेबांना काम दिलं, आणि खरं सांगायचं तर माझ्याकडे बघूनच दिलं.

ह्या वेळी साहेब स्वतः आले नाहीत, त्यांची दोन पोरं आली. पंपरूममध्ये शिरली, पॅनेलचे फोटो काढले, खालच्या दोनचार मजल्यांवर होजबॉक्स उघडून बघितले आणि गेली. दोन दिवसांनी रिपोर्ट आला, साहेबांची सही, शिक्का, सगळं एकदम व्यवस्थित. त्यात लिहिलेलं की टेरेसच्या हायड्रंटला, म्हणजे होज जोडायच्या नळाला, प्रेशर ३.५ किलो मिळालं. आता बघ, टेरेसला कुलूप असतं, त्याची चावी माझ्या जुडग्यात असते, आणि ती माझ्याकडे कोणी मागितलीच नाही. नियमाला साडेतीन लागतं म्हणून साडेतीन लिहिलं, बस.

मी आपला वर गेलो गेज घेऊन. व्हॉल्व्ह उघडला, थोडं पाणी आलं आणि काटा खाली बसला तो बसलाच. खाली येऊन बघतो तर मेन पंप मॅन्युअलवर टाकलेला, म्हणजे प्रेशर पडलं तरी आपोआप चालू होणारच नाही, आणि डिझेल पंपाची बॅटरी पार मेलेली. वरच्या होजबॉक्समधल्या पितळी ब्रँच भंगारात गेलेल्या, एकात कोणीतरी बाईने झाडू आणि फिनाईलची बाटली ठेवलेली. तुला हसू येईल पण तेव्हा मला नाही आलं.

तू म्हणशील की पंप चालू करायला लावायचा, बॅटरी बदलायची, रिपोर्टचं एवढं काय. मी पण आधी तोच विचार केला, दोनतीन रात्री केला. पण उद्या वरच्या मजल्यावर आग लागली तर काय होतं ते तुला मी सांगायला नको. आपली शिडी तिथपर्यंत पोचत नाही, पोरं खांद्यावर होज घेऊन जिने चढतात, बिल्डिंगच्याच रायझरला जोडतात आणि व्हॉल्व्ह फिरवतात. तिथे पाणी नसलं तर ती पोरं धुरात कोरडी होज धरून उभी. ती आपलीच पोरं आहेत रे, ऐरोलीची, वाशीची, त्यातल्या एकदोघांना तर तूच ड्रिल शिकवलंयस. दर १४ एप्रिलला साहेब नवीन भरतीला मुंबईच्या गोदीतल्या स्फोटाची गोष्ट सांगायचे, १९४४, व्हिक्टोरिया डॉक, एकाच जहाजात स्फोटकं आणि कापसाच्या गाठी, ६६ फायरमन गेले, आणि शेवटी म्हणायचे की आत जाणाऱ्या माणसाला आत काय आहे ते खरं कळलं पाहिजे. हे मी त्यांना फोनवर ऐकवलं नाही. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं त्याच्याच तोंडावर फेकायचं नसतं.

फोन मात्र मीच आधी केला, कमिटीला काही कळायच्या आत. म्हटलं साहेब, हा रिपोर्ट मागे घ्या, परत टेस्टिंग करू, माणसं मी माझी देतो, दिवसभर मी स्वतः थांबतो, तुमचा एक रुपया जास्त जायचा नाही. ते म्हणाले सगळीकडे असंच चालतं, ह्या रेटमध्ये कोण टेरेसवर चढतो, जानेवारीत नीट करून देतो. रेटचं म्हणणं खोटं नाही हां. कमिट्या चार कोटेशन मागवतात आणि सगळ्यात कमीवाल्याला काम देतात, लिफ्टमध्ये आरसा लावायला पैसे असतात पण पंपाच्या टेस्टिंगला नसतात, आणि मग एजन्सीवाला पंपरूमचे फोटो काढून निघून जातो. पोराचं कर्ज पण साहेबांच्या डोक्यावर आहे. मी तरी नाहीच म्हणालो. तर शेवटी म्हणाले, "ठीक आहे, तुम्ही बघा तुम्हाला काय योग्य वाटतं ते." मला, अहो-जाहो! आयुष्यात पहिल्यांदा. आईबहिणीवरून शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं, त्या आपण पोटभर खाल्ल्यात.

आठवडाभर वाट बघितली, मग कमिटीला लिहून दिलं. काय लिहिलं ते पण ऐक, कारण तुझ्या कानावर भलतंच आलेलं दिसतंय. खोटा, फसवणूक, असला एकही शब्द नाही त्यात. अमुक तारखेला मी स्वतः तपासलं, अमुक ठिकाणी प्रेशर आलं नाही, पंप मॅन्युअलवर होता, बॅटरी बंद होती, तरी हा फॉर्म पुढे पाठवू नये, एवढंच. सेक्रेटरी तर माझ्यावरच वैतागले, शिक्का आहे ना मग तुम्ही कशाला खाजवून खरूज काढताय म्हणे. आता नवीन एजन्सी येतेय, बॅटरी बदलून झाली, पंप ऑटोवर टाकला. साहेबांचं बिल थांबलंय ते कमिटीने थांबवलंय, मी नाही. अर्थात माझ्या पत्रामुळेच थांबलंय, ते मी नाकारत नाही.

निष्ठा कशी असते म्हणून तू फोनवर बाजीप्रभूंचं नाव घेतलंस म्हणून सांगतो. बाजीप्रभू आधी बांदल देशमुखांचे, आणि बांदल सुरुवातीला महाराजांच्या विरोधातच होते. मुरारबाजी तर जावळीला मोऱ्यांच्या बाजूने लढला, १६५६ ला, आणि नऊ वर्षांनी पुरंदरावर दिलेरखानाने कौल देऊ केला तो झुगारून महाराजांसाठी पडला. त्याला मोऱ्यांशी बेइमान झाला असं कोणी म्हणतं का? गडावर ज्याचं मीठ खातोय, ज्याची माणसं आपल्या भरवशावर झोपलीत, त्याचा गड आधी. मी काय मुरारबाजी नाही, मी पगारी माणूस, बाराशे फ्लॅटचे हायड्रंट तपासतो, पण भरवशाची गोष्ट तीच ना.

आणि एक बोलतो, रागावू नकोस. साहेबांचं देणं माझ्या एकट्याच्या अंगावर आहे. ते फेडायला त्यांनी रात्री दोनला बोलावलं तर जाईन, पोराच्या कर्जाला जामीन राहायला सांगितलं तरी राहीन, बायकोला विचारून, पण राहीन. पण ते देणं ह्या लोकांच्या खिशातून कसं फेडू? अठ्ठाविसाव्या मजल्यावर एक आजी राहतात, गुडघे गेलेले, लिफ्ट बंद पडली की दोनदोन दिवस खाली उतरत नाहीत. त्यांनी कुठे साहेबांचं काही घेतलंय?

म्हणून माझी बाजू साहेबांकडे मांडू नकोस आणि त्यांचा निरोप पण मला आणू नकोस, मध्ये पडलास तर दोन्हीकडून मार खाशील. गुरुपौर्णिमेला मी नेहमीसारखा कोपरीला त्यांच्या घरी जाणार आहे. वहिनी दार उघडतीलच, साहेब बाहेर येतात की आत झोपून राहतात ते बघू. तू येणार असशील तर आदल्या रात्री ऐरोलीला माझ्याकडेच उतर, सकाळी ठाण्याला ट्रेनने जाऊ, गाडी काढली तर पार्किंगला जागा मिळत नाही. आला नाहीस तरी माझा राग नाही. आणि येताना पाचसहा किलो इंद्रायणी आण, इकडे मिळतो तो इंद्रायणी आहे असं आमच्या सौ. मानायला तयार नाहीत. आईला नमस्कार सांग, तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं काय ठरलं ते कळव.

तुझाच,
दाद्या