‘फ्री’ म्हणजे केवळ मोफत नव्हे

महोदय,

‘फ्री’ या इंग्रजी शब्दाचे भाषांतर सरसकट ‘मोफत’ असे केले जाते, हे मनापासून खटकते. ‘फ्री प्रेस’ म्हणजे फुकट वाटलेली वृत्तपत्रे नव्हेत, तर स्वतंत्र वृत्तपत्रे. ‘शुगर-फ्री’ म्हणजे साखरविरहित. सर्वाधिक घोटाळा ‘फ्री सॉफ्टवेअर’बाबत होतो. अमेरिकी संगणकतज्ज्ञ रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ मध्ये ज्याच्या प्रसारासाठी संस्था स्थापन केली, ते सॉफ्टवेअर विकताही येते, कारण तेथील ‘फ्री’चा संबंध किमतीशी नसून ते वापरण्याच्या, अभ्यासण्याच्या, बदलण्याच्या आणि इतरांना देण्याच्या स्वातंत्र्याशी आहे. त्यासाठी ‘मुक्त’ हाच शब्द वापरावा. दरपत्रकात मात्र ‘मोफत’ खुशाल लिहावे.

– एक वाचक