यीस्टची स्टेरॉल-व्यवस्था आणि आपल्या बागेतली फवारणी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘औषध पूर्वीसारखे लागू पडत नाही’ ही तक्रार आपल्या जिल्ह्यात भुरीने बेजार झालेले द्राक्ष बागायतदार करतात आणि गजकर्णाने त्रस्त झालेले रुग्णही करतात. दोघांच्या औषधांचा रोख बहुतेक वेळा एकाच पदार्थावर असतो. तो म्हणजे बुरशीच्या पेशीपटलातील एर्गोस्टेरॉल, आपल्या शरीरातील कोलेस्टेरॉलसारखा एक स्टेरॉल. पेशी या पदार्थाचा हिशेब कसा ठेवते, हे सर्वांत बारकाईने अभ्यासले गेले ते यीस्टमध्ये. आपल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत मळीपासून अल्कोहोल काढणारे यीस्ट ते हेच.

एर्गोस्टेरॉलचा एक रेणू घडवायला यीस्टला ऑक्सिजनचे १२ रेणू खर्चावे लागतात, त्यामुळे गरजेपेक्षा जास्त बनवणे तिला परवडत नाही. हा पदार्थ टप्प्याटप्प्याने घडवणाऱ्या एन्झाइमांच्या साखळीत सुरुवातीला काम करणाऱ्या, म्हणजे माणसात स्टॅटिन गोळ्या ज्याला रोखतात त्याच एन्झाइमचे यीस्टमध्ये दोन प्रकार आहेत. पुढचे मधले पदार्थ साचू लागले की त्यांपैकी ‘एचएमजी-२’ या प्रकारावर पेशी खूण करते आणि तो मोडीत काढते. दुसरे नियंत्रण ‘यूपीसी-२’ या प्रथिनाकडे आहे. एर्गोस्टेरॉल पुरेसे असते तेव्हा ते या प्रथिनाच्या खोबणीत बसून त्याला केंद्रकाबाहेर अडवून धरते; ते कमी पडले की प्रथिन मोकळे होऊन केंद्रकात शिरते आणि स्टेरॉल बनवणारी जनुके चालू करते.

मला कळकळीने सांगायचे आहे ते इथेच. माणसांना दिले जाणारे बुरशीविरोधी औषध फ्लुकोनाझोल असो वा बागेत फवारले जाणारे हेक्साकोनाझोल, दोन्ही या साखळीतले एकच एन्झाइम बंद पाडतात. यीस्टमध्ये असे झाले की एर्गोस्टेरॉल घटते, यूपीसी-२ जागे होते आणि पेशी तेच एन्झाइम अधिक प्रमाणात बनवू लागते. माणसाला संसर्ग करणाऱ्या कॅन्डिडा या यीस्टच्या काही वाणांत तर हे प्रथिन बदलून कायमचेच चालू राहते आणि फ्लुकोनाझोल त्यांना पुरे पडत नाही. गजकर्णाच्या बुरशीची वाट वेगळी आहे. गजकर्णावरचे टर्बिनाफिन हे औषध याच साखळीतल्या ज्या दुसऱ्या एन्झाइमला पकडते, त्याच्याच जनुकात बदल झालेले वाण आज भारतभर आढळतात. एकाच गटाचे, म्हणजे एकाच एन्झाइमवर घाव घालणारे औषध पुन्हा पुन्हा वापरले की साधी बुरशी मरते, बदललेली उरते आणि तीच फोफावते.

बागायतदार ब्रँड बदलतो आणि औषध बदलले असे समजतो. हेक्साकोनाझोलनंतर टेबुकोनाझोल फवारले तरी घाव त्याच एन्झाइमवर पडतो, हे त्याला कोणी सांगत नाही. म्हणून माझी विनंती अशी, की आपल्या दैनिकाच्या शेतीविषयक पानावर फवारणीचा सल्ला छापताना प्रत्येक औषधापुढे त्याचा घटक आणि तो कोणत्या गटात मोडतो हे ठळकपणे द्यावे, आणि लागोपाठच्या दोन फवारण्या एकाच गटातल्या सुचवल्या जाऊ नयेत.

आपली,
जीवशास्त्राची एक शिक्षिका,
जुळे सोलापूर