खरी परीक्षा ठिणगीची

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मोटारगाडीच्या जन्मावरील आपल्या पुरवणीतील लेखात मोटारगाडी घडवणारा कार्ल बेन्झ याची पत्नी बर्था बेन्झ यांचा ऑगस्ट १८८८ मधील जर्मनीतला मानहाइम ते फोर्झहाइम मोटारप्रवास छान रंगवला आहे. टोपीच्या पिनेने मोकळी केलेली इंधनाची नळी आली, गार्टर (मोजा बांधायचा पट्टा) गुंडाळून झाकलेली वायरही आली. इंजिनाची बोळवण मात्र ‘साधे एका सिलिंडरचे यंत्र’ एवढ्यावर झाली.

बेन्झच्या १८८६ च्या पहिल्या गाडीत सिलिंडरचा व्यास ९० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची एका दिशेची चाल) १५० मिमी, म्हणजे ९५४ सीसी; बर्थाबाईंची गाडी त्यानंतरची, थोड्या जास्त ताकदीची. आजच्या छोट्या मोटारीएवढी क्षमता, पण ताकद मिनिटाला ४०० फेऱ्यांना जेमतेम पाऊण अश्वशक्ती. चार स्ट्रोकचे चक्र जर्मन संशोधक निकोलाउस ओटोने १८७६ मध्येच चालवून दाखवले होते. मात्र ती इंजिने कारखान्यात जागेवर बसवलेली, गॅसवर आणि संथ चालणारी. त्यांतला गॅस उघड्या ज्योतीने पेटे, आणि ती ज्योत आत पोचवणारी सरकपट्टी वेग वाढला की साथ सोडे. कार्ल बेन्झने म्हणून बॅटरी, तिचे व्होल्टेज वाढवणारी रुमकॉर्फ कॉइल आणि ठिणगी पाडणारा प्लग हा मार्ग धरला. प्रज्वलनाला तो ‘समस्यांची समस्या’ म्हणे, ते उगाच नाही.

बाहेर धरलेला प्लग लख्ख ठिणगी देतो, सिलिंडरमध्ये बसवला की गप्प. जुन्या गाड्यांवर काम करणाऱ्यांना हे नवीन नाही. दाबाखालच्या हवेत तीच फट ओलांडायला जास्त व्होल्टेज लागते. कॉइल कमजोर असली, किंवा प्लगच्या चिनी मातीवर तेल-काजळी बसली, की वीज फट सोडून त्या थरावरून पळते. म्हणून तपासणीचा क्रम महत्त्वाचा. आधी प्लग साफ करून फट पाहा, मग कॉइलच्या थरथरणाऱ्या पट्टीचे पॉइंट (वीज जोडणारी-तोडणारी टोके) घासून तिचा आवाज एकसारखा येतो का ते ऐका, मग बॅटरी लोडवर मोजा. हवा-इंधनाचे मिश्रण करणाऱ्या कार्बोरेटरला हात त्यानंतर. बहुतेक जण नेमके उलटे करतात आणि दोन्ही बिघडवून बसतात.

कार्बोरेटरही आजच्यासारखा नव्हता. टाकीतल्या इंधनावरून हवा खेचली जाई आणि वाफ घेऊन पुढे जाई. वाटेतल्या वीस्लोख गावच्या औषधाच्या दुकानातून घेतलेले इंधन म्हणजे लिग्रोइन, डाग काढायचे द्रावण. लेखात ‘पेट्रोल’ छापले आहे. त्यातला हलका भाग आधी उडतो, मागे जड उरतो, आणि गाडी जसजशी पुढे जाईल तसतसे मिश्रण विरळ होते. त्यावर इलाज म्हणजे एक्झॉस्टची ऊब द्यायची आणि हवेचे प्रमाण हाताने जुळवत राहायचे.

जळलेला वायू बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हबद्दल लेखात चकार शब्द नाही, आणि जुनी एका सिलिंडरची इंजिने मरतात ती बहुधा तिथेच. सीटवर, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो त्या कडेवर, घासायची पेस्ट लावून व्हॉल्व्ह अर्धा-अर्धा फिरवायचा, मधूनमधून उचलून जागा बदलायची. कडेला राखाडी पट्टा अखंड उमटला पाहिजे. एका ठिकाणी तुटला तरी तिथून गरम वायू निसटतो आणि सीट जळते. मग पोर्टमध्ये (व्हॉल्व्हमागच्या वाटेत) रॉकेल ओतून काही मिनिटे थांबा. आत ओल दिसली तर पुन्हा घासा. पेस्टचा कणही शिल्लक ठेवू नका, सिलिंडरमध्ये गेला तर पिस्टनच्या रिंगा खातो. व्हॉल्व्हची दांडी आणि तिला ढकलणारा टॅपेट यांच्यात थंड असताना थोडी फट हवीच. ती ठेवली नाही, तर दांडी तापून लांब होते, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि घासलेले सगळे वाया जाते.

त्या प्रवासात इंजिनाइतकीच बाकीच्या भागांचीही झडती झाली. चढावर गाडी ढकलावी लागली, म्हणून पुढे चढासाठी कमी वेगाचा गिअर आला. उतारावर ब्रेकचे ठोकळे झिजले, त्यावर वाटेतच चामडे बसवून घेतले. पाणी तर उकळून उडून जाण्यासाठीच होते, ते वरचेवर भरावे लागे.

लेखातली २९ जानेवारी १८८६ ही तारीख पेटंट अर्जाची आहे, गाडी तयार झाल्याची नव्हे. शिवाय लेखासोबतच्या चित्रात फ्लायव्हील (इंजिनाची गती एकसारखी ठेवणारे जड चाक) उभे दाखवले आहे. पेटंटच्या त्या पहिल्या गाडीत ते आडवे होते. उभे जड चाक फिरत असताना गाडी वळणार नाही, अशी बेन्झला धास्ती होती. ती अनाठायी ठरली आणि त्याच्याच नंतरच्या गाड्यांत चाक उभे आले. चित्र बहुधा त्यांपैकी एखादीचे असावे.

– एक वाचक, चिंचवड