मागचे ब्रेक आणि आंबा घाट

प्रिय सुहास,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पॅडल कडक लागतंय, ब्रेक ऑइलची पातळी उतरत नाही, मागचे लायनर, म्हणजे चाकाच्या ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या, नवे टाकलेत, ऑइलच्या नळ्यांत अडकलेली एअरही काढून झाली, आणि तरी गाडी थांबायला वेळ घेते. गॅरेजवाले म्हणतात, ‘गाडी जुनी झाली, आता असंच चालायचं.’ मला हे अजिबात पटलेलं नाही. त्यात तू काकूंना घेऊन कोल्हापूरला निघालायस, म्हणून लगेच लिहायला बसलो.

मागचे ब्रेक गेले तरी रोजच्या फिरण्यात कळत नाही. ब्रेक मारला की वजन पुढे येतं आणि निम्म्याहून बराच जास्त भार पुढच्या डिस्क उचलतात. मालगुंड ते गणपतीपुळे जाऊन आलास तर काहीच जाणवणार नाही. पण येताना आंबा घाट उतरून साखरप्यापर्यंत यायचं, तेही मागची सीट आणि डिकी भरलेली असताना, हे काम एकट्या पुढच्या ब्रेकांचं नाही. ते तापत जातात आणि त्यांची उष्णता ऑइलपर्यंत पोचते. डॉट ३ या प्रतीचं ब्रेक ऑइल ताजं असताना २०५ अंशांच्या आत उकळायचं नाही असं मानक आहे. पाणी मुरलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा १४० अंशांवर येते. एकदा का आत वाफ धरली, की पॅडल सरळ तळाला जातं. ते घाटात होऊ नये एवढंच मला हवंय.

तू लिहिलेल्या दोन गोष्टींनी मला दिशा मिळाली. एक, बाजारातून घरी आल्यावर पुढची चाकं तापलेली असतात आणि मागचे ड्रम गारढोण. दोन, हँडब्रेक ओढला की गाडी चढावर जागची हलत नाही. पायाचा ब्रेक ऑइलच्या दाबावर चालतो; हँडब्रेक तारेवर चालतो, त्याला ऑइल लागत नाही. तो धरतोय म्हणजे लायनर ड्रमला घासू शकतात. पायाचा दाब तिथपर्यंत पोचत नाही, किंवा पोचून वाया जातो. मात्र हँडब्रेक एकाच चाकावरही गाडी धरून ठेवतो, म्हणून दोन्ही चाकं वेगवेगळी बघ.

सपाट जागा बघ, अंगणातल्या उतारावर नको. पुढच्या चाकांना दोन्हीकडून चिरे लाव, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. मागचं एक चाक जॅकवर घे, वहिनींना पॅडल दाबायला सांग आणि चाक हाताने फिरव. पॅडल दाबलेलं असताना चाक फिरलं, तर त्या चाकामागचा एअर काढायचा निपल जरासा सैल करून पुन्हा पॅडल दाबायला सांग. ऑइल जोरात उडालं तर दाब येतोय, पण व्हील सिलेंडरचा, म्हणजे ड्रमच्या आत लायनर ढकलणाऱ्या छोट्या सिलेंडरचा, पिस्टन अडकलाय. नुसतं ठिबकलं किंवा आलंच नाही, तर आधी निपलच बुजलाय का बघ, मग एकेक जोड मागे जात जा: आधी होज पाइप, मग गाडीला असेल तर मागच्या ब्रेकचा दाब आवरणारा व्हॉल्व्ह. होज बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून रबर फुगून भोक बंद झालेलं असतं, हे लक्षात ठेव. पुढची चाकं ओढणाऱ्या छोट्या गाड्यांत ब्रेकच्या लाइन बहुधा तिरक्या विभागलेल्या असतात, एक पुढचं चाक आणि त्याच्या विरुद्ध बाजूचं मागचं. तसं असेल तर दोन्ही मागची चाकं एकदम निकामी झाल्याचा दोष मास्टर सिलेंडरच्या, म्हणजे पॅडलने ऑइलवर दाब देणाऱ्या मुख्य सिलेंडरच्या, एका भागाला देता येत नाही.

माझा संशय मागच्या व्हील सिलेंडरवर आहे. तुझी गाडी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उभी असते, वर आपला पाऊस. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं आणि आतून गंज धरतो. बाहेरून खारा वारा आहेच. ड्रम निघत नसेल तर घणाने ठोकू नकोस. बऱ्याच ड्रमना आटे पाडलेली दोन भोकं असतात, त्यात बोल्ट आळीपाळीने आवळले की ड्रम सुटून येतो. आतली धूळ फुंकू नकोस, ओल्या फडक्याने पूस. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचा. मग सिलेंडरच्या टोकाची रबरी टोपी नखाने उचलून बघ. खाली तांबूस पाणी, पिस्टनभोवती खरखरीत गंजाचं कडं आणि बोटाने ढकलून तसूभरही न सरकणारा पिस्टन दिसला, की निदान झालं. ड्रम उघडा असताना पॅडल मात्र दाबू देऊ नकोस, पिस्टन मोकळा असेल तर बाहेर पडेल.

आत खड्डे पडले असतील तर नुसतं आतल्या रबरांचं किट टाकून भागवू नकोस, अख्खे सिलेंडर बदल, आणि दोन्ही बाजूंचे. ऑइल सीलबंद बाटलीतलंच घे, ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलंय तेच. माळ्यावरची पावसाळाभर उघडी राहिलेली अर्धी बाटली फेकून दे. काम झाल्यावर आधी मोकळ्या रस्त्यावर हळू चालवून थांबवून बघ, आणि घरी आल्यावर ड्रमजवळ हात नेऊन बघ, थोडे तरी कोमट लागले पाहिजेत.

तोवर काकूंना एसटीने ने. डॉक्टरांची वेळ चुकणार नाही आणि मलाही झोप लागेल. सिलेंडर रत्नागिरीत मिळाले नाहीत तर जुन्याचा फोटो पाठव, मी चिपळुणात शोधून एसटीच्या पार्सलने पाठवतो.

तुझा,
मंदार