आईबापांचे २०, बसण्याचे ३०

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या १४ नोव्हेंबरच्या अंकातलं मधुमेह दिनाचं पान मी दुकानात कापायच्या टेबलावर ठेवलं होतं. वेंगुर्ल्यात माझं शिवणकामाचं दुकान आहे, त्यामुळे पेपर दिवसभरात दहा हातांतून फिरतो. पानावर कारणांची चौकट होती आणि तिच्यात पहिलाच शब्द ‘आनुवंशिकता’. झालं! जो येई तो तेवढं वाचून पेपर खाली ठेवी. एक गिऱ्हाईक तर अगदी समाधानानं म्हणालं, “आवशीक साखर होती, बापाशीक होती, माका येतलीच. चलान काय होतला?” पँटची कंबर एक इंच ढिली करून घ्यायला आलं होतं ते.

ज्याच्या घराण्यात साखर आहे त्यानंच आधी चालायला हवं, एवढं एकच सांगायला हे पत्र लिहितो आहे.

घराण्याचं मला कुणी शिकवू नये. माझ्या आईला होती, वडिलांना होती. वडिलांच्या पायाचं बोट कापावं लागलं, तेही नवीन चपलेनं झालेल्या एका फोडापायी. आम्ही तीन भावंडं. थोरला भाऊ मुंबईत ऑफिसात लागला, त्याला एकोणचाळिसाव्या वर्षी गोळ्या सुरू झाल्या. बहीण सासरी लावणी, कापणी, काजूची बोंडं गोळा करणं यात राहिली. तिलाही झाली, नाही असं नाही, पण एकसष्टाव्या वर्षी. आईबाप तेच, रक्त तेच, मधे बावीस वर्षं. तीन माणसांवरून सिद्ध काही होत नाही हे कळतं मला. पण ती बावीस वर्षं डोक्यातून जात नाहीत.

मी सगळ्यांत धाकटा. २०११ साली पायमशिनीला मोटर बसवली. त्याआधी दिवसभर पाय तरी हलत होते, नंतर नुसता अंगठा दाबायचा. दुकान ते घर स्कूटर. २०१४ मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी, रक्त तपासलं तर उपाशीपोटी ११८ आणि तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ६.२. म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ ला माणूस आत. मोटरीला दोष दिला तेव्हा डॉक्टर हसले. पाय हलवणं म्हणजे काही व्यायाम नव्हे, म्हणाले. पण त्यांनीच मला एक हिशेब करून दाखवला, तो आपल्या चौकटीत असायला हवा होता.

चेन्नईच्या डॉ. मोहन यांच्या संशोधन संस्थेनं २००५ मध्ये आपल्या लोकांसाठी एक गुणपत्रिका केली. चारच प्रश्न, एकूण १०० गुण, आणि इथं जास्त गुण म्हणजे जास्त धोका. वय पस्तिशीच्या आत असेल तर शून्य, पन्नाशीपर्यंत २०, पुढे ३०. कंबर पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या आत, बाईची ८० च्या आत असेल तर शून्य, त्यावर १०, फारच सुटली तर २०. आईबापांपैकी एकाला मधुमेह असेल तर १०, दोघांना असेल तर २०. आणि ज्याचं काम बैठं आणि व्यायामही नाही, त्याला ३०, कष्टाचं काम किंवा नियमित व्यायाम यांतलं एकच असेल तर २०. आई आणि बाप दोघे मिळून २०, आणि एकट्या बसण्याचे ३०! साठ किंवा वर गेलात तर धोका मोठा. माझे तेव्हा ८० झाले होते.

कंबरेबद्दल मात्र माझं ऐका, तो माझा धंदा आहे. माझ्या मापाच्या वहीत एकाच माणसाची पंधरा पंधरा वर्षांची कंबर लिहिलेली आहे. बरेच जण छाती काढून सांगतात, “माजी कंबर चवतीसच.” असते चौतीस, कारण पँट पोटाखाली उतरलेली असते. पोट पुढे जातं, पट्टा खाली जातो, आकडा तोच राहतो. डॉक्टरची कंबर शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध मोजायची, टेप न आवळता, श्वास सोडून. परवा एका ‘चौतीस’वाल्याची तशी मोजली, एकोणचाळीस भरली. तो आठवडाभर दुकानात आला नाही.

आणि बारीक माणसानं निर्धास्त राहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. यडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या डॉक्टरांच्या नियतकालिकात छापून आला. माझी मुलगी नर्स आहे, तिनं मोबाइलवर दाखवला. उंचीच्या मानानं वजन दोघांचंही सारखंच, बीएमआय २२.३. पण अंगातली चरबी गोऱ्या डॉक्टरची ९.१ टक्के, आपल्या याज्ञिकांची २१.२. शिंपी म्हणून मी त्या फोटोकडे बराच वेळ बघत बसलो.

मग चालण्यानं होतं काय? मुलीनं सांगितलं ते असं. जेवणातली बरीचशी साखर स्नायू खातात. एरवी तिला आत घ्यायला इन्सुलिनची हाक लागते, आणि आमच्यासारख्या घराण्यांत ती हाक स्नायूला नीट ऐकू जात नाही. पण स्नायू काम करायला लागला की तो हाकेवाचूनही दार उघडतो. चालून झाल्यावरही एक-दोन दिवस ते दार थोडं सैल राहतं, म्हणून दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको. वारसा आहे तो ऐकू न येण्याचा, दार गंजवायचं आपण.

हमी नाही, हेही लिहायला हवं. चेन्नईतच डॉ. रामचंद्रन यांनी ५३१ उंबरठ्यावरच्या लोकांवर अभ्यास केला, २००६ मध्ये तो छापून आला. ज्यांना नेहमीचा जुजबी सल्लाच दिला त्यांच्यात तीन वर्षांत शंभरातल्या ५५ जणांना मधुमेह झाला, ज्यांना चालायला आणि जेवण सुधारायला लावलं त्यांच्यात ३९ जणांना. म्हणजे चालूनही ३९ जणांना झालाच. मला त्या मधल्या सोळांत बसायचं होतं.

आमच्याकडे रेडी गाव संपलं की गोवा. २०२३ च्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात निघालं, २६.४ टक्के. सगळ्या गोव्याचं घराणं एक आहे का?

आता खरी अडचण. चालायचं कुठे? रस्त्याच्या कडेला पायवाट नाही, डंपर अंगावरून गेल्यासारखा जातो, संध्याकाळी दिव्याचे अर्धे खांब नुसते उभे. जून ते सप्टेंबर पाऊस. मी पावसाळ्यात देवळाच्या सभामंडपात फेऱ्या मारतो. पुजाऱ्यांना आधी वाटलं, नवस बोललोय. बायकांचं तर आणखी कठीण. माझी बायको चालायला निघाली की वाडीतून तीन घरांतून तरी आवाज येतो, “खंय चललंस गो?” कामाशिवाय बाईनं चालायचं असतं हे कुणाच्या गावीच नाही. तिनं उपाय काढला. हातात रिकामी पिशवी घेते. पिशवी दिसली की कुणी विचारत नाही. गेली आठ वर्षं ती रोज बंदरापर्यंत रिकामी पिशवी नेते आणि रिकामी आणते. आपण मधुमेहावर पुढचं पान काढाल तेव्हा ह्या पिशवीबद्दलही काही लिहावं, आणि नगरपालिकांना दिव्यांबद्दल विचारावं.

माझं म्हणाल तर मोटर काढली नाही, पोटाचा प्रश्न आहे. स्कूटर मात्र घरीच असते, रात्री जेवल्यावर अर्धा तास चालतो, भात निम्म्यावर आणलाय. कंबर ९४ वरून ८८ वर आली, तीन महिन्यांची साखर ५.९ आहे. गुणपत्रिकेत अजून ७० आहेत, कारण पन्नाशी उलटली, काम बैठंच आहे आणि आईबाप बदलता येत नाहीत. तसाच बसून राहिलो असतो तर ९० झाले असते.

पुढच्या अंकात ती चार प्रश्नांची गुणपत्रिका छापावी, राशिभविष्याशेजारी छापलीत तर सगळे वाचतील. मी कापून दुकानाच्या आरशावर चिकटवीन. टेप माझ्याकडे आहे, कंबर फुकट मोजून देईन. सोमवारी दुकान बंद असतं.

आपला,
एक शिंपी, वेंगुर्ले