पान्यावर दुकानाचं नाव असायचं

संपादक महाशय,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत जुन्या पुण्यातल्या दुकानांवरचा लेख वाचला, छान होता, साड्या आल्या, भांडी आली, मिठाई तर येणारच, पण नेहमीप्रमाणे गाडीच्या सामानाबद्दल एक ओळ नाही. आधी सायकलींचं आणि मग स्कूटरचं म्हणून ओळखलं गेलेलं गाव हे, आणि जुन्या आठवणी काढायच्या म्हटलं की कुणालाही क्लच वायर आठवत नाही, कमाल आहे! म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावा, फक्त पान्यांचा भाग ठेवा.

मी पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूमला, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवायच्या विभागात होतो. १९८३ ते ८५ अशी दोन वर्षं कंपनीनं शिकागोजवळ पाठवलं होतं. तोवर आपल्याला गाडीचं सामान म्हणजे नाना पेठ. तिथे गेलं की काउंटरवरचा माणूस वर न बघता विचारणार, "कंपनीचा देऊ का लोकल?" आणि कंपनीचा मागितला तरी डबीत तोच निघेल याची खात्री नाही, डबी नाकाशी धरून छपाई बघायची, प्लगचे आटे नखानं तपासायचे, घरी येऊन लावायचा आणि मग देवाला हात जोडून किक मारायची. हे सगळं मला इतकं अंगवळणी पडलेलं होतं की जगात दुसरी काही पद्धत असेल असं वाटलंच नव्हतं.

तिकडे पहिल्या महिन्यात एक आंध्रचा मित्र मला वुडफिल्ड मॉलमधल्या सिअर्समध्ये घेऊन गेला. सिअर्स म्हणजे त्या वेळचं केवढं प्रस्थ, शिकागोतला ११० मजली टॉवर यांचाच, १९७३ मध्ये झालेला, तेव्हा जगातली सगळ्यात उंच इमारत. तर दुकानात आत शर्ट, गाद्या, कढया, वॉशिंग मशिन, आणि त्याच दुकानाचं ऑटो सेंटर, तिथे टायर, बॅटऱ्या, ऑइल, वायपर, पाने. बायको परकर-पोलक्याच्या कापडाच्या दुकानात आणि नवरा तिथेच मागच्या दारी टायर बदलून घेतोय, असं लक्ष्मी रोडवर कधी कुणी बघितलंय का? मला हसूच आलं. पण खरी गंमत नंतर कळली. सामानावर नाव दुकानाचंच. बॅटरी डायहार्ड, पाने क्राफ्ट्समन, टायर आधी ऑलस्टेट आणि नंतर आणखी कायकाय. त्यांचा जुना स्पर्धक माँटगोमेरी वॉर्ड, त्यांचे टायर रिव्हरसाइड नावानं. यातलं फारसं काही ही दुकानं स्वतः बनवत नव्हती बरं का, डायहार्ड मिलवॉकीच्या ग्लोब युनियन कंपनीनं बनवली होती, पण गिऱ्हाइकाला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. बिघडलं की जिथून घेतलं त्या काउंटरवर नेऊन आदळायचं. कंपनीचा का लोकल हा प्रश्नच निकालात, कारण दुकान म्हणजेच कंपनी.

मी १९८४ च्या हिवाळ्याआधी माझ्या सेकंडहँड शेवी नोव्हाला डायहार्ड घातली. ही बॅटरी त्यांनी १९६७ ला आणली होती. तोवर बॅटरीचे डबे जाड काळ्या रबराचे, आपल्याकडे तेव्हाही तेच होते, वर डांबर ओतलेलं, आठवत असेल अनेकांना. यांनी पॉलिप्रॉपिलीनचा पातळ भिंतीचा डबा केला, त्यामुळे बाहेरून माप तेच पण आत प्लेटांना आणि ॲसिडला जास्त जागा. साधी युक्ती, पण टूलरूमच्या माणसाला असल्या गोष्टीचं जे कौतुक वाटतं ते ताजमहालाचं वाटत नाही. थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, शून्याखाली १८ अंशांवर ताकद निम्म्यावर येते आणि नेमकं तेव्हाच इंजिनातलं ऑइल मधासारखं घट्ट होऊन बसतं, म्हणजे जोर दुप्पट लागतो आणि असतो निम्मा. आपल्याकडे उलटं आहे, पुण्यातली बॅटरी थंडीत बसते असं आपण म्हणतो पण तिला मारलेलं असतं एप्रिल-मेच्या उन्हानं, पाणी उडतं, प्लेटा गंजतात, डिसेंबरात फक्त तिचा मृत्यू जाहीर होतो.

तर २० जानेवारी १९८५. शिकागोत त्या दिवशी उणे २७ फॅरनहाइट, म्हणजे आपले उणे ३३ अंश, तिथला आजवरचा विक्रम आहे तो. रविवार होता, घरात बसायचं सोडून आम्ही दोघं खाली उतरलो, केवळ बघायला की चालू होते का. किल्ली फिरवली. आधी नुसतं कण्हणं, म्हातारं माणूस खुर्चीतून उठताना करतं तसं, मग दुसरं, तिसरं, आणि झाली चालू! आम्ही दोघं त्या बर्फात ओरडलो. शेजारपाजारच्या तीन गाड्या मग आमच्या गाडीवरून केबल लावून चालू केल्या. डायहार्ड म्हणजे मरता न मरणारा, चिवट. नाव ठेवणाऱ्यानं उगाच ठेवलं नव्हतं.

आता पाने. क्राफ्ट्समनचा सॉकेट सेट घेतला, त्याची ख्याती अशी की हातानं वापरायचं हत्यार कधीही मोडलं तरी घेऊन या, दुसरं देऊ, बिल नको, तारीख नको. येताना मुंबईच्या सहार विमानतळावर बॅग उचलणाऱ्या हमालानं विचारलं, साहेब दगड आणलेत का. घरी येऊन वडिलांच्या फियाटवर हौसेनं लावायला गेलो तर लक्षात आलं की मी गाढव आहे. सेट इंचात! फियाटला लागतात १०, १३, १७, १९ नंबर. अर्धा इंच म्हणजे १२.७, तो १३ च्या नटावर बसतच नाही, अकरा सोळांश म्हणजे साडेसतराच्या जवळ, तो १७ वर नुसता फिरतो आणि नटाचे कोपरे खातो. बरोबर बसला तो एकच, पाऊण इंच, १९.०५. मिलिमीटरचे सॉकेट तिथे शेजारच्याच खणात होते, आणि दिवसभर मायक्रोमीटर हातात धरणाऱ्या माणसानं हे करावं! आमच्या हिनं अजून हा विषय सोडलेला नाही.

पण त्या सेटमधलं रॅचेट, म्हणजे सॉकेट फिरवायचा दांडा, मात्र वापरलं, रोज. २००३ च्या सुमाराला आतला कुत्रा, म्हणजे दातांत अडकणारा खटका, झिजून ते सटकायला लागलं. भाचेजावई न्यूजर्सीला परत निघाले होते, त्यांच्या बॅगेत टाकलं, ते बिचारे संकोचानं गेले दुकानात की अठरा वर्षांपूर्वीचं, दुसऱ्या राज्यात घेतलेलं, वापरणारा माणूस भारतात. काउंटरवरच्या बाईनं खोक्यातून नवीन काढून हातात दिलं. संपलं. (नवीन जरा हलकं होतं, पॉलिशही जुन्यासारखं नव्हतं, पण फुकटच्या रॅचेटचे दात मोजू नयेत.)

आणखी एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. ऑलस्टेट हे नाव १९२५ च्या एका स्पर्धेतून आलं, सिअर्सनं लोकांनाच विचारलं होतं की आमच्या टायरला नाव सुचवा. पुढे १९३१ ला त्याच नावाची विमा कंपनी काढली, ती आजही जोरात आहे, टायर गेले आणि विमा राहिला. १९५२-५३ ला तर चक्क ऑलस्टेट नावाची मोटार विकली, कायझर-फ्रेझरची हेन्री जे, थोडं तोंड बदलून, दोन वर्षांत २,३६३ गाड्या आणि बंद. आणि १९५१ पासून याच नावानं स्कूटरही विकत होते. मला हे माहीत नव्हतं. तिकडे शिकागोला आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्यानं गराज साफ करायला काढलं, ताडपत्री ओढली आणि खालून निघाली आपली व्हेस्पा! पुढे बिल्ला मात्र ऑलस्टेट. म्हणजे इटलीच्या पियाजिओनं बनवलेली व्हेस्पा, जी इथे बजाजनं १९६० च्या सुमाराला त्यांच्याच परवान्यावर बनवायला घेतली, परवाना १९७१ ला संपल्यावर १९७२ ला जिचा चेतक झाला, तीच. म्हातारा म्हणाला बंद आहे कित्येक वर्षं. मी प्लग काढला, पॉलिश पेपर मारला, थोडं पेट्रोल, आणि स्कूटर आडवी करून परत उभी केली तर तो घाबरला की पडते की काय. त्याला काय सांगणार, की बाबा आमच्या गावात रोज सकाळी हजारो माणसं ऑफिसला जाण्याआधी ही आसनं करतात. बऱ्याच किकांनंतर फटफट करून निळा धूर सोडला तिनं आणि मला एकदम आकुर्डीच्या बजाज कारखान्याची आठवण येऊन कसंतरी झालं.

विरोधाभास बघा, त्यांच्याकडे ती स्कूटर कॅटलॉगमधून मागवता यायची, शर्टासारखी. आपल्याकडे कारखाना डोळ्यासमोर, पण नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं, लग्नाच्या बोलण्यात नंबर कधीचा लावलाय हे विचारायचे. डॉलरमध्ये पैसे भरले की मात्र लवकर मिळायची. मी तेच केलं, शिकागोहून पैसे भरले आणि आकुर्डीत बनलेला चेतक सहकारनगरला वडिलांच्या दारात आला. वीस-पंचवीस किलोमीटरचा प्रवास व्हाया अमेरिका.

आठवणीत सगळं सोन्याचं दिसतं हेही मान्य करतो. १९९२ ला कॅलिफोर्निया सरकारनं याच सिअर्सच्या ऑटो सेंटरांवर ठपका ठेवला होता की गरज नसलेली दुरुस्ती गिऱ्हाइकांच्या गळ्यात मारतात. कारण काय, तर माणसांना कमिशन आणि टार्गेट लावलेलं, इतके शॉक ॲब्सॉर्बर आणि इतकी अलाइनमेंट खपलीच पाहिजे. मी वाचलं तेव्हा वाईट वाटलं, घरातल्या माणसाचं नाव पोलिसात गेल्यासारखं. पुढच्याच वर्षी त्यांचा जाडजूड कॅटलॉगही बंद झाला. मग उतरणच, ऑक्टोबर २०१८ ला दिवाळखोरी. क्राफ्ट्समन २०१७ ला स्टॅनली ब्लॅक अँड डेकरकडे गेलं आणि डायहार्ड २०१९ च्या डिसेंबरात ॲडव्हान्स ऑटो पार्ट्सनं २० कोटी डॉलरला घेतलं. म्हणजे दुकान मेलं आणि बॅटरीचं नाव जिवंत, चिवट म्हटलं ना. तसं आपण तरी काय करतो, जादा चाकाला स्टेपनी म्हणतो, ती स्टेपनी कंपनी वेल्समधल्या लनेथली गावची, शंभर वर्षांपूर्वीची, तिचं आज कुणाला काही माहीत नाही पण पंक्चरवाला विचारतो, "स्टेपनीत हवा आहे ना?"

हे सगळं आज लिहायला बसलो त्याचं कारण एक साडेतीन वीत वायरीचा हवा भरायचा पंप. ऑनलाइन घेतला, त्यावरचं नाव असं की कुणीतरी इंग्रजी अक्षरं डब्यात घालून हलवून ओतलीत. आठव्या महिन्यात गेला. वॉरंटी वर्षाची. फोन केला तर मशिन बोलतं, चॅट केलं तर ते दर वेळी माझ्या भावना समजून घेतं आणि शेवटी कळलं की तो विक्रेता आता तिथे नाहीच. मग पंप कुणाचा? ज्याच्या ॲपवरून घेतला त्याचा नाही, ज्यानं विकला तो गायब, ज्यानं बनवला त्याचं नाव कुठेच नाही. नाना पेठेतला माणूस निदान तोंडावर तरी सांगायचा की साहेब लोकल आहे, गॅरंटी नाही, आणि दुसऱ्या दिवशी भांडायला गेलं तर दुकानात असायचा!

मॉल आता गल्लोगल्ली झाले, तेही स्वतःच्या नावानं डाळ विकतात, फिनेल विकतात, बनियन विकतात. मग वायपर, कूलंट, पंप का नाही? नाव लावा, आणि कोपऱ्यात एक टेबल टाकून एक असा माणूस बसवा ज्याला १३ आणि अर्धा इंच यातला फरक कळतो. परवडत नाही म्हणतील, ठीक आहे, पण बघा तर करून. आपल्या टिळक रोडवरच्या ग्राहक पेठेसारख्या जागी तर हे शोभूनही दिसेल.

आपला,
एक जुना वाचक, सहकारनगर, पुणे

ता. क. चेतक अजून आहे. गेल्या पावसाळ्यात बंद पडला, प्लग बदलून झाला, आडवा करून झाला, काही नाही. शेवटी नाना पेठेत गेलो. म्हणाला, "कंपनीची कॉइल आता येत नाही काका, लोकल देऊ का?" दे म्हटलं. दुसऱ्या किकला चालू.