पुलकेशी नर्मदेवरच का थांबतो?

महोदय,

बादामीचा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्यावरचा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. लेख नर्मदेकाठी झालेल्या हर्षवर्धनाच्या पराभवापाशी संपला. शाळेत इतिहास शिकवताना मीही तिथेच थांबायचो. पुस्तकात तेवढीच ओळ आणि परीक्षेला तेवढाच प्रश्न!

ती ओळ आली ऐहोळेच्या मेगुती मंदिरावरच्या शिलालेखातून. शके ५५६, म्हणजे इ.स. ६३४-३५ मध्ये रविकीर्ती या जैन कवीने तो रचला. 'भयविगलितहर्षो येन चाकारि हर्षः', म्हणजे हर्षाचा हर्षच भीतीने गळाला, ही कोटी त्याचीच. तीन महाराष्ट्रकं आणि त्यांतली ९९ हजार गावं हा उल्लेखही तिथलाच. आपल्याकडे कुणालाही महाराष्ट्राचं प्राचीनत्व सांगायचं झालं की तो हमखास निघतो. पण कवी राजाच्या मर्जीतला आणि राजा गादीवर. अशा प्रशस्तीत पराभव कुठून सापडणार?

त्यासाठी बादामीला जावं लागतं. तिथे तळ्याकाठच्या खडकावर पल्लव राजा नरसिंहवर्मन याचा लेख आहे. ६४२ च्या सुमारास त्याने ही राजधानी घेतली आणि 'वातापिकोंड', म्हणजे वातापी (बादामी) जिंकणारा, हे बिरुद लावलं. पुलकेशीचा शेवटही तेव्हाचाच. त्याच्या अंगणात शत्रूने आपलं नाव कोरून ठेवलं. चिनी प्रवासी युआन श्वांग पुलकेशीच्या राज्यात येऊन गेल्याला तेव्हा जेमतेम वर्ष झालं असेल. हरलेल्या सेनापतीला इथे शिक्षा करत नाहीत, बायकांचे कपडे देतात, असं त्याने लिहिलंय. बादामीच्या त्या खडकापुढे मला नेमकं तेच आठवलं.

मुलगा विक्रमादित्य याने बादामी परत मिळवली, पण त्यात बारा-तेरा वर्षं गेली. या घराण्याच्या पुढच्या पिढीचा धागा थेट आमच्या सिंधुदुर्गात येतो. नेरूर आणि कोचरे इथे सापडलेले ताम्रपट पुलकेशीच्या सुनेचे आहेत, विक्रमादित्याचा थोरला भाऊ चंद्रादित्य याची राणी विजयभट्टारिका हिचे. राणीने स्वतःच्या नावाने दिलेली ती दानपत्रं. काही अभ्यासक तिलाच संस्कृत कवयित्री विज्जिका मानतात. नेरूरला कलेश्वराच्या दर्शनाला मी लहानपणापासून जातो, पण हे कळलं निवृत्त झाल्यावर.

लेखाचा उत्तरार्ध छापणार असाल, तर या सूनबाईंसाठी एखादा रकाना राखून ठेवावा.

– एक निवृत्त शिक्षक, कुडाळ